त्या तीन दिवसांचा मुक्काम

१७ नोव्हेंबर, मंगळवार
खोली क्रमांक ७१२

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? भाचीचा निकाल लागला का? इकडे मी ठीक. कंपनीच्या बैठकीसाठी चार दिवस आलोय. हॉटेल भर शहरात आहे. खिडकीतून चौक दिसतो, घड्याळाचा मनोरा दिसतो, पलीकडे वस्तुसंग्रहालय. सगळं चालत दहा मिनिटांवर.

तुला वाटेल, मजा आहे बुवा याची. मजा कसली, शिसारी आलीय. दारातून आत शिरलं की अत्तराचा भपकारा येतो. कपड्यांना चिकटतो, आंघोळ केली तरी जात नाही. पलंगावर सहा उशा. डोकं एकच आहे ना माझं! टॉवेलांची बदकं करून ठेवतात, ती मोडून तोंड पुसायचं. सकाळी शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ ताट शिगोशीग भरून घेऊन बसले, एकेक घास चावून बाजूला सारत होते. चहा तसाच टाकून उठलो.

काल दुपारी मोकळा होतो म्हणून संग्रहालयात गेलो. दारावरचा रखवालदार म्हणाला, "साहेब, फोन बंद ठेवा." अगदी साधं वाक्य. पण तिकीट हातात धरून बाहेरच्या पायरीवर बसलो आणि तसाच परत आलो.

ताई, हे वाक्य मी तिथे आधी ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी. आई दवाखान्यात होती तेव्हा.

मी तुला सांगितलं होतं की धरणाच्या कामावर अडकलोय, तिथे रेंज नाही. खोटं होतं ते. मी याच हॉटेलात होतो, तुझ्या भावजयीला घेऊन. मनोरा बघितला, नावेत बसलो, संग्रहालयात फोन बंद करायला सांगितल्यावर आनंदाने केला. बाहेर आल्यावर चालू केला तर तुझे अकरा कॉल. ही म्हणाली, "अहो, जाऊया का?" मी म्हटलं, "उद्या बघू." आणि पुन्हा बंद केला. तिला बोल लावू नकोस. आई इतकी आजारी आहे हे मी तिलाही नीट सांगितलं नव्हतं.

का, ते आजवर कुणाला बोललो नाही. मला आईच्या खोलीतला वास सहन होत नव्हता. तू तिचं भांडं उचलायचीस, कपडे बदलायचीस आणि मी "औषध आणतो" म्हणून जिना उतरायचो. शेवटी शेवटी तिने हात पुढे केला की मी पाणी द्यायचो, हात धरायचो नाही. जन्मदात्या आईची किळस वाटली मला. आता माझी वाटते.

काल परतलो तर व्यवस्थापक हसत पुढे आला. "सर, आपण आमचे जुने पाहुणे. ही छोटीशी भेट." तेव्हा त्यांच्याच माणसाने काढलेला, चौकटीत बसवलेला फोटो. गच्चीवर आम्ही दोघं, मागे मावळतीचं आकाश, मी तोंड फाडून हसतोय. खाली तारीख आणि वेळ छापलीय. संध्याकाळचे पाच पन्नास. आई त्याच दिवशी पावणेसहाला गेली ना? मी न्हाणीघरात जाऊन ओकलो. बाहेर आलो तर तो अजून दारात उभा, "आवडला ना सर?" विचारत.

फोटो सोबत पाठवतोय. चौकट काढून टाकलीय.

तेराव्या दिवशी मामा मला फाडून खायला निघाले, तेव्हा तू मध्ये पडलीस. "तो कामात होता. त्याला एक शब्द बोलायचा नाही," म्हणालीस. मी मान खाली घालून उभा होतो आणि सगळ्यांना वाटलं, दुःखाने. आज मामांनाही वेगळं पत्र टाकलंय, सगळं खरं लिहून. तुझ्या तोंडून माझ्यासाठी खोटं वदवलं गेलं, तेवढं तरी तुझ्यावरून उतरू दे.

बैठक अर्धी टाकून उद्या निघतोय. आधी हे पत्र तुझ्या हाती पडू दे, शनिवारी तुझ्याकडे येईन. दार उघडलंच पाहिजेस असं नाही. मी जिन्यात थांबेन, या वेळी उतरणार नाही.

आई शेवटी काय बोलली, ते मी तुला कधीच विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

तू पाठीशी घातलेला,
तुझा धाकटा