मादेवीचा आवाज

धारवाड, १४ जून

ती. नागवेणीअक्कास विघ्नूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण तुझ्या कानमनेत मोबाईलला रेंज नाही, आणि पोस्टातल्या फोनवर तू येत नाहीस. पोस्टमास्तर दर वेळी सांगतात, अक्कोरे शाळेत वर्गावर आहेत. शाळेतल्या बाईंना तिकडे सगळे अक्कोरेच म्हणतात ना. मागे एकदा आलीस, तेव्हा आईचं वर्षश्राद्ध कुठे करायचं असं मी विचारलं. तू दोनदा बरं आहे म्हणालीस आणि फोन ठेवलास. रागावली असशील तर नीट शिव्या तरी दे.

यल्लापूर बसच्या कंडक्टरकडे एक फोन देतोय. नेटशिवाय चालणारी, वर्गात उपयोगी पडतील अशी अ‍ॅप त्यात भरली आहेत. एकासाठी प्रत्येक मुलाने सोबत पाठवलेलं आपलं छापील कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून धरायचं; वर्गावरून फोन फिरवलास की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते लगेच दिसतं. आमच्या शाळेतली पोरं त्यासाठी भांडतात. दुसऱ्यात आवाज टिपता येतो. त्यात एक गोष्ट सांगून पाठव. तुझी भाची मेघना मागते आहे असं लिहिणार होतो, पण मलाच हवी आहे.

तुझा विघ्नू

कानमने, २७ जून

चि. विघ्नू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

राग कसला रे, मला ऐकूच आलं नाही. गेल्या वर्षी डावा कान गेला, संक्रांतीनंतर उजवा. शिरसीच्या डॉक्टरांनी शीर सुकली म्हणून सांगितलं. कानातलं यंत्र घेतलं, पण त्यातून भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं, माणूस ऐकू येत नाही. शाळेत कुणाला बोलले नाही. घरी बसवतील, आणि घरी माझं कोण आहे?

तुझी कार्डं मात्र वेळेला धावून आली. मी प्रश्न फळ्यावर लिहिते, मुलं कार्ड फिरवतात, कान लागतच नाही. यंदा मामाकडे राहायला आलेली मादेवी म्हणून एक पोर आहे, ती मुद्दाम कार्ड उलटं धरून मला चिडवते. पण मुलं मोठ्याने वाचून दाखवतात तेव्हा मी नुसती मान डोलावते. माझ्याऐवजी ऐकेल असं एखादं अ‍ॅप असतं का रे?

गोष्ट पाठवत नाही. स्वतःचा आवाज कसा लागतोय हेच मला कळत नाही.

तुझी अक्का

धारवाड, ५ जुलै

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि पुढचा तास घेताच आला नाही. इकडे ये म्हटलं तर येणार नाहीस. तरी म्हणतो, ये.

असं अ‍ॅप आहे. मूल बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतात. मेमरी कार्डावर घालून पाठवतोय. फक्त ते बेंगळुरूच्या बातम्या ऐकून शिकलेलं दिसतं. मी भूक लागली म्हटलं, त्याने भूकंप झाला लिहिलं. तुझी भावजय सुमती हसून हसून लोळली. पोरांना सावकाश बोलायला लाव. आणि मोठ्या मास्तरांना खरं काय ते सांगून टाक. एवढं माझं ऐक. ऐक असं लिहिताना हात अडला बघ.

तुझा विघ्नू

कानमने, ९ ऑगस्ट

चि. विघ्नूस आशीर्वाद.

अ‍ॅप चालतं. पण काय झालं ते वाच. मादेवीची आई मंगळूरला मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. मागच्या आठवड्यात पोर टेबलाशी आली, काही बोलली. पडद्यावर उमटलं, आई शनिवारी येणार. मला इतका आनंद झाला! तिला जवळ घेऊन म्हटलं, हो हो, येणार!

शनिवारी शाळा सुटली तरी पोर फाटकाशीच बसून. जेवलीही नाही. संध्याकाळी मामा न्यायला आला, तरी उठेना. मी फोन पुढे धरला, तेव्हा तो म्हणाला की अक्कोरेंनीच आई येणार म्हणून सांगितलंय, असं ही म्हणते. तेव्हा लक्षात आलं. विघ्नू, तिने सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. अ‍ॅपने शब्द लिहिले, सूर लिहिला नाही. दुसऱ्या कुठल्याही बाईला तो आवाजावरून कळला असता.

मामाच्या देखत तिच्याजवळ मातीत बसले आणि मला ऐकू येत नाही हे सांगितलं. ती माझ्या कानांकडे बघत राहिली. मग फोनवर अक्षरं उमटली, मग मी रोज बोलते ते. या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून तो प्रश्न आहे हे कळलं. तिच्या रोजच्या बोलण्याचं काय झालं, ते विचारत होती.

सोमवारी मोठ्या मास्तरांना सांगितलं. आधी का बोलला नाहीत म्हणून चिडले. मग वाचन आणि कविता स्वतःकडे घेतल्या, गणित माझ्याकडे ठेवलं. मादेवीच्या आईला त्यांनीच पोस्टातून फोन लावून दिला. दीपावळीला येते म्हणाली. मुलं आता प्रश्न विचारताना भुवया उडवतात, वर्गाची पार नाटक कंपनी झाली आहे.

एक मागते. जुन्या मुलांचे आवाज माझ्या मनात आहेत, ओठ हलले की वाजतात. हिचे ओठ हलतात आणि काहीच वाजत नाही. येऊन तिचा आवाज ऐक, आणि कसा आहे ते मला कळव. लोभ असू दे असं लिहीत नाही, ये असं लिहिते.

तुझी अक्का

धारवाड, १ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न.

सुखरूप पोचलो. फणसाचे पापड वाटेतच निम्मे संपले. तुझ्यासमोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

तिचा आवाज थोडा घोगरा आहे, सर्दी झाल्यासारखा. वाक्य मोठ्याने सुरू करते आणि शेवटाकडे घाई करते, मध्येच कुणी गप्प बसवील अशी धास्ती असल्यासारखी. फक्त अक्कोरे म्हणताना घाई नसते. शेवटचा रे लांबवते, घरात आईला हाक मारावी तसा.

तू फळ्याकडे तोंड करून लिहीत होतीस, तेव्हा तिने तुला हाका मारल्या. एक नाही, बऱ्याच. मी तुला खूण करायला उठलो, तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. तुला ऐकू जात नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, अक्का. ती नुसती हाक मारत होती.

तुझा विघ्नू