एक मूल निवडायचं

शनिवार, १५ मार्च
सकाळ

ती. मावशीस,
नमस्कार.

कॉलेजात ‘बाई’ आणि घरी ‘मावशी’ हा नियम दोन वर्षं मी कसोशीने पाळला. एकदाच भर वर्गात तोंडातून ‘मावशी’ निघालं, तर तू मला तासभर दाराबाहेर उभं केलंस. आज मावशीलाच लिहिते. बाईंना लिहायचा धीर होत नाही.

तू मामाकडे नीट पोचलीस, गुडघा जरा बरा आहे आणि मामी तुला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, एवढं फोनवर कळलं. त्यापुढे तू मला जाऊच देत नाहीस. ‘जेवलीस का?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणायचा अवकाश, की ‘बरं, ठेवते’. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवते’ म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

इथलं तसं ठीक. वसतिगृह निम्मं रिकामं झालंय. माझी खोलीतली मैत्रीण घरी गेली ती स्वतःच्या सामानाबरोबर माझी बादलीही घेऊन गेली. आता रोज शेजारच्या खोलीत हात पसरते. मजल्यावरचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. आम्ही वर्षभर अर्ज केले तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आता वापरायला माणसं नाहीत तर पाणी कसं धो धो येतंय. कॉलेजचे शिपाईकाका भेटले की विचारतात, ‘बाई कधी येणार?’ मी सांगते, ‘गुडघा बरा झाला की.’ खोटं बोलायला आता मला फार विचार करावा लागत नाही.

आणि हो, निकाल लागला. डी.एड.च्या अंतिम पाठाला मला ‘अ’ श्रेणी आहे. तू निरीक्षण पाठ चालू असतानाच लिहीत जातेस, त्यामुळे ते खारू पडायच्या आधीचंच राहिलं. ‘वर्गनियंत्रण : उत्कृष्ट.’ कार्यालयातल्या बाईंनी ते मला मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ‘झालं ते झालं गं, पण पाठ सुरेख होता.’

खारू हे नाव मीच ठेवलेलं. पेन्सिलीचं मागचं टोक सारखी कुरतडायची म्हणून. चौथीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. दम्याचा त्रास होता. सरावाच्या पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकांनी मला सांगितलं होतं, ‘हिचा पंप दप्तरात असतो, जरा लक्ष असू दे.’ मी मान डोलावली होती. आणि अंतिम पाठाच्या दिवशी, चित्रीकरणात वर्ग नीटनेटका दिसावा म्हणून सगळी दप्तरं व्हरांड्यात ठेवायची अक्कल माझीच. घंटा झाली, मुलं उठली, ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचा जीव गेला.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय पुढचं येईना.

तुला आठवतं का गं, माझा अगदी पहिला सराव पाठ? नंतरच्या चर्चेत सगळ्यांसमोर तू विचारलंस, ‘काय दिसलं?’ मी ऐटीत म्हटलं, ‘मुलं खूप खूश होती.’ तू चष्म्यावरून बघितलंस. ‘कोणतं मूल?’ मी म्हटलं, ‘सगळीच.’ ‘सगळी नावाचं मूल नसतं. कोणतं?’ मला एकाचंही तोंड आठवेना. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी खोलीवर येऊन रडले आणि तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. मग तू आम्हाला तुझी ती पद्धत शिकवलीस. आपल्याच पाठाचं चित्रीकरण आवाज बंद करून बघायचं. स्वतःकडे अजिबात बघायचं नाही. एक मूल निवडायचं आणि घंटेपर्यंत त्याच्यावरून डोळा हलवायचा नाही. किती जीव खाल्लास आमचा त्यापायी! मुलींना आपला पदर, आपलं अक्षर, आपला आवाज बघायचा असायचा, आणि तू म्हणायचीस, ‘तुमच्याकडे आरशात बघा, इथे मूल बघा.’ हळूहळू जमायला लागलं. एक मुलगा उत्तर येत असून गप्प बसतो, एक मुलगी फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करते, हे मला दिसायला लागलं. त्या दिवशी तू जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालीस, ‘टिटवे, आता तू शिक्षिका होशील.’ माझ्या आयुष्यात इतका आनंद दुसऱ्या कशाचा झाला नाही.

चित्रीकरण आहे, मावशी.

चौकशी समितीला मी सांगितलं की कॅमेरा चाललाच नाही. तू सांगायला लावलंस तसंच, शब्दाला शब्द. तुलाही मी सांगितलं की मी ते पुसून टाकलं. समितीशी खोटं बोलले ते तुझ्यासाठी, तुझ्याशी का बोलले ते मला तेव्हा कळत नव्हतं.

आपण खारूच्या घरी गेलो होतो तो दिवस डोळ्यासमोरून जात नाही. मुख्याध्यापिका, तू आणि मी, एका सतरंजीवर. तिची आई रडत नव्हती. तिने एकच विचारलं, ‘तिने हात वर केला नाही का हो?’ दम लागला की पोरीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून लहानपणापासून शिकवलं होतं, बोलता आलं नाही तर हात वर करायचा. घोकून घेतलं होतं म्हणाली, पाढ्यांसारखं. मी तोंड उघडणार एवढ्यात तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ‘नाही हो. काहीच खूण केली नाही बिचारीने.’ त्या बाईने नुसती मान हलवली. रस्त्यात तू म्हणालीस, ‘तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. गेलेलं मूल परत येत नाही.’ हे तू माझ्या मायेपोटी केलंस, यात मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच मला तुझा राग धड करताही येत नाही.

परवा मी ते बघायला बसले. आवाज बंद. एक मूल निवडायचं. मी काय केलं असेल? खिडकीजवळचा जाड्या निवडला. त्याने अपूर्णांकांसाठी दिलेली कागदाची पट्टी घडी घालून अर्धी केली, मग पाव केली, मग नाकाला लावली. मला हसू आलं, आणि हसू आल्याची इतकी लाज वाटली की मी सगळं मागे घेतलं आणि तिच्यावर डोळा ठेवला.

ती पट्टीची अर्धी घडी घालते. पावाची घडी घालताना थांबते. खांदे वर जायला लागतात. मग हात वर करते, पट्टी हातात तशीच. मला तो हात दिसला होता, मावशी. मी तळवा दाखवून ‘थांब’ केलं. शंका शेवटी विचारायच्या, असं मीच सुरुवातीला सांगितलं होतं. ती थांबते. हात दुखायला लागतो तेव्हा दुसऱ्या हाताने कोपराला आधार देते. मग तो खाली घेऊन दुसरा वर करते. मी तोवर फळ्याकडे वळलेली, पाऊण कसा लिहायचा ते सुंदर अक्षरात लिहितेय.

मग ती मागे वळून बघते. तू कॅमेऱ्याशेजारी बसली होतीस. पाठ चालू असताना निरीक्षकाने तोंड उघडायचं नाही, हा तुझाच नियम. ती तुझ्याकडे बघत राहते. मग हात खाली घेते आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवते.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं की मुलंही ठेवतात, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

हे मला आधी लिहायचं होतं, पण बादली आणि नळच पुढे येत राहिले. आता पुरे. कपडे बदलून जरा बाहेर जाते.

रविवार, दुपार

काल संध्याकाळी मी खारूच्या घरी जाऊन आले.

तिची आई चष्म्याच्या दुकानात काम करते. नुकतीच परतली होती, हातपायसुद्धा धुतले नव्हते. खारूचं दप्तर खुंटीला होतं. मला बघून म्हणाली, ‘पुन्हा आलात?’ मी म्हटलं, ‘एक सांगायचं राहिलं होतं.’ वाटेत मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

मी म्हटलं, ‘तिने हात वर केला होता.’

ती होती तिथेच खाली बसली. मी सगळं सांगितलं. एक हात दमला तेव्हा दुसरा केला, मी पाहिला, मी थांब म्हटलं, दप्तरं मी बाहेर ठेवायला लावली, आणि त्या दिवशी इथे बसून गप्प राहिले. मला वाटलं, ही आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, ‘नीट वर केला होता? का असा?’ आणि कोपर मांडीवर टेकवून अर्धवट हात करून दाखवला. ‘घरी असा करायची आळशी. मी ओरडायचे.’

मी म्हटलं, ‘नाही. सरळ. अगदी ताठ.’

‘शहाणी गं माझी,’ ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. ‘मी तिलाच बोलत होते हो इतके दिवस. फोटोपुढे उभी राहून बोलत होते, एवढी एक गोष्ट शिकवली होती, तेवढीही तुला करता आली नाही का म्हणून.’

मावशी, आपण दोघींनी मिळून त्या मेलेल्या पोरीला आईकडून बोलणी खायला लावली.

पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले. खरंतर मी उठायला हवं होतं. पण तिने विचारलंच. ‘मग हात खाली का घेतला तिने?’

मी म्हटलं, ‘ते ज्यांना माहीत आहे त्या येऊन सांगतील.’ ती म्हणाली, ‘सहानंतर मी घरीच असते.’

उद्या मी चित्रीकरण समितीकडे देणार आहे आणि आधी खोटं बोलले होते तेही सांगणार आहे. मला पुन्हा वर्गात उभं राहू देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. तुझ्याबद्दल विचारलं तर मी एवढंच म्हणेन की त्यांना विचारा. घाबरू नकोस. त्यात तू कुठेच दिसत नाहीस. तू पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेऱ्याच्या मागेच आहेस. तू ‘मी खाली बघून लिहीत होते’ म्हणालीस तर सगळे मान्य करतील. खरं काय ते सांगू शकणारी एक तूच आहेस.

तू आम्हाला कधीच उत्तर सांगायची नाहीस. प्रश्न विचारायचीस आणि हाताची घडी घालून गप्प उभी राहायचीस, आम्ही घामाघूम होईपर्यंत. कोणी मध्ये बोलायला गेलं तर म्हणायचीस, ‘तिला बोलू दे, तिचं तिला सापडेल.’

मामा-मामींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक घेत जा. शनिवारची पहिली गाडी इथे दुपारी पोचते. मी स्टँडवर उभी राहीन, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

वाट पाहणारी,
तुझी टिटवी