खिडकीकडे वळव, कपाटाकडे नको

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. गाडीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालीस आणि परीक्षकाने वर, घरी नातवंडं नाहीत का, असं विचारलं, हे वाचून माझं रक्त उसळलं. आहेत, पण ती अजून गाडी चालवायच्या वयाची नाहीत, हे तुझं उत्तर मात्र मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

आता मुद्द्याचं. तेवीस तारखेची परीक्षा शेवटची. ती हुकली तर चिरंजीव महिनाअखेर दाजींची गाडी विकणार, आणि गाडीवाचून तुझं धुलाईचं दुकान बसणार. तेव्हा दोन पिंपांच्या मधे गाडी उलटी घालण्याची कृती पुन्हा एकदा, शांतपणे, लिहितो. मागच्या तीन वेळी मी घाईत लिहिली, हा माझा दोष. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला तो शोभत नाही.

गाडी पिंपांच्या पुढे नेऊन थांबावं. मागे पाहत सावकाश यावं. पहिलं पिंप मागच्या चाकाशी आलं, की स्टिअरिंग पूर्ण खिडकीकडे फिरवावं. गाडी वळू लागली, की श्वास घ्यावा (हे तू विसरतेस), आणि ती पिंपांना समांतर झाली, की तितकंच कपाटाकडे परत आणावं. मी रंगाचे दोन रिकामे डबे मांडून घरातल्या चहाच्या ट्रॉलीवर हा प्रयोग सात वेळा केला. सातही वेळा यश. बायकोचं म्हणणं एवढंच, की निदान तोंडाने हॉर्न वाजवू नका.

बाबांची आठवण झाली. नकाशांच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस! डावं-उजवं माणसागणिक फिरतं, खिडकी जागची हलत नाही, असं म्हणून त्यांनी घरात त्या दोन शब्दांवर बंदीच घातली होती. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला कपाट. सगळं जग त्यावरून ओळखायचं. बुटांचा जोडसुद्धा एक खिडकीचा, एक कपाटाचा. केवढी शास्त्रशुद्ध दृष्टी!

यशाची बातमी लगेच कळव. लोभ पूर्वीइतका ठेव, नापासाबद्दल त्यातून काही कापू नकोस.

तुझा,
भाऊ


११ मार्च

चि. भाऊस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र समोरच्या काचेला चिकटवून सराव केला. अक्षरन् अक्षर पाळलं. श्वासही घेतला. पाच वेळा पिंप आडवं, सहाव्यांदा पिंपामागचं कुंपण.

गाडी शिकवणाऱ्या बाई फार सोशिक आहेत. शेवटी त्यांनी विचारलं, की आजी, नेमकं कुठे वळवायचं ठरवलंय तुम्ही? मी म्हटलं, खिडकीकडे. त्या म्हणाल्या, गाडीला दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. मी म्हटलं, आमच्या घराला एकच होती. त्यानंतर त्या पाणी प्यायला गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

हसू नकोस. हे गेल्यापासून त्यांची गाडी दारात उभी आहे. कपड्यांची गाठोडी गिऱ्हाइकं स्वतः आणतात, तीही एकेक करून कमी होताहेत. तुझी भूमिती चुकणार नाही, तेव्हा माझं वयच चुकलं असेल. चिरंजीवाला म्हटलंय, गाडी बघायला येणाऱ्या माणसाला रविवारी बोलाव.

वहिनीला सांग, हॉर्न वाजवू दे बिचाऱ्याला. माया आहे तशीच आहे, काळजी नसावी.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न., आणि सोबत साष्टांग क्षमायाचना.

त्या माणसाला थांबव! आधी थांबव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र येताच, टेबलाच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्याला कपाट मानून, बायकोला तिथे बसवून मी सगळी कृती तपासायला घेतली. मी माझ्या जुन्या जागी, ती तुझ्या. मी म्हटलं, खिडकीकडे वळव. मी उजवा हात हलवला, तिने डावा. ताई, तू टेबलाच्या पलीकडे बसायचीस! माझ्या उजव्या हाताला असलेली खिडकी तुझ्या डाव्या हाताला होती. पन्नास वर्षं मी उजवीकडे म्हणतोय आणि तू डावीकडे ऐकते आहेस.

शाळेत जाताना तू मला बूट घालायचीस. मी खिडकीचा मागायचो, तू दुसराच पुढे करायचीस. अंगठे चेपत मी पहिली-दुसरी काढली. बाबा कपाटाला पाठ लावून खिडकीकडे तोंड करून बसत, त्यामुळे त्यांची खिडकी म्हणजे सरळ समोर, आणि नियम त्यांच्यापुरता बिनचूक! आणि आईच्या पाठीशी खिडकी, म्हणूनच वाट विचारणाऱ्याला ती आल्या पावली मागे पाठवायची.

म्हणजे तिन्ही वेळा तू नापास झालीच नाहीस, मी झालो. तुझे हात निर्दोष आहेत, वयही. मी जिथे खिडकी लिहिलं तिथे कपाट वाच, आणि गाडीत बस.

लोभाला पात्र नसलेला,
भाऊ


२४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

पास! पहिल्याच फेरीत! दोन्ही पिंपं जागच्या जागी उभी. परीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली, पुन्हा एक मारली, आणि म्हणाला, आजी, परत एकदा करून दाखवता? मी दाखवलं. मग त्याने कागदावर शिक्का असा मारला, की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली.

गंमत म्हणजे तुझी कृती अगदी बरोबर आहे, फक्त तुझ्या खुर्चीत बसून करायला हवी होती.

गाडी बघणाऱ्याला रविवारी थोपवलं होतं, काल चिरंजीवाने स्वतः नकार कळवला. आज सकाळी दोन गिऱ्हाइकांकडची गाठोडी मी घरपोच दिली आणि तशीच पुढे निघाले. चिरंजीव शेजारी बसला होता, बराचसा रस्ता डोळे मिटून.

या पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्यासारख्या चिकित्सक माणसाने एव्हाना ताडलं असेल. पत्र मीच आणलंय, आणि तुमच्या जिन्यातल्या एका मुलाच्या हाती वर पाठवलंय. गाडी तुझ्या फाटकाशी, भिंत आणि दिव्याच्या खांबाच्या मधे, उलटी घालून लावली आहे. दोन्हीकडे हातभर जागा सुटली आहे, हवं तर मोज.

लोभ वाढवायला तीन जिने चढण्याइतके गुडघे मला उरले नाहीत. तेव्हा वहिनीला घे आणि खाली उतर, तुम्हा दोघांना फिरवून आणते.

तुझी,
ताई