माइकवर टोचणारा आवाज

१० जुलै
वर्षावास सुरू. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि वाचायला पुन्हा विश्वनाथ! सात वर्षांपूर्वी माझ्याकडून वाचन काढून घेतलं ते घेतलंच. "तुहा आवाज माइकवर टोचते वं. शिट्टी वाजते लोकायच्या कानात." हे म्हणणारे विहार समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचेच गोपाळराव. नवऱ्याची तक्रार नवऱ्याकडेच करायची! कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टर प्रत्येक कार्यक्रमात मलाच निवेदनाला उभं करायच्या. तिथे नाही टोचला!

११ जुलै
विहाराचा स्पीकर आमच्या स्वयंपाकघरासमोर. खिडकी लावली तर जीव घुसमटतो, उघडली तर विश्वनाथ.

१९ जुलै
नवी साउंड सिस्टीम आली. बसवायला मिनल नावाची इंजिनिअर— कुणाला भीत नाही. जुनी पेटी उघडून म्हणाली, "काकू, यात एकच अ‍ॅम्प्लिफायर. आवाज आधी वाढवते, मग जाड इकडे, बारीक तिकडे वाटते. जाड-बारीक जुळतात त्या सांध्यावर दोन्ही स्पीकर एकदम ओरडतात— आणि बायकांचा आवाज नेमका तिथेच पडतो." नव्यात उलटं. प्रोसेसर आधी वाटणी करतो, मग प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. उसळणारा सूर तिथल्या तिथे दाबता येतो.
दोष पेटीचा, शिक्षा मला!
गोपाळरावांना सांगितलं. "हो का? मंग विश्वनाथचा आवाज अजून मस्त लागीन!"


२० जुलै
लागला मस्त! इतका स्वच्छ, की अवघड शब्द आला की विश्वनाथ तो सोडून पुढे पळतो, हे बेसा रोडपर्यंत कळलं. जुन्या गोंगाटात सगळं खपत होतं. बायजाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "काहून गा विश्वनाथ, शब्द खाऊन राहिला का?" खिडकीतून ऐकलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं— स्वयंपाकघरात, एकटीच्या.

२२ जुलै
गोपाळराव न सांगता मेथी निवडायला बसले. लग्नानंतर पहिल्यांदा! "उद्यापासून तू वाचतं का वं?"
आधी चहा ठेवला. मग 'बघते' म्हटलं.

२३ जुलै
वाचलं. शिट्टी नाही, काही नाही. शब्द न शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला. मीही माझा आवाज ऐकला— बारीक, कापरा, कुणा म्हातारीचा असावा तसा. वाटलं, नवी पेटीही बिघडली. मागे सेटिंग करत बसलेल्या मिनलकडे पाहिलं.
तिनं हळूच मान हलवली. पेटी ठीक आहे.
मी पान उलटलं.