आबांच्या दुकानातला व्हॉल्व्हचा टीव्ही

३ फेब्रुवारी २०२५

बनावट म्हणे! आबांचा टीव्ही बनावट!

पुण्याहून अंबादास दीक्षित आले होते. जुने टीव्ही-रेडिओ जमवतात, त्यांवर पुस्तक काढणार आहेत. मागचं झाकण काढून दहा मिनिटं बॅटरी मारली आणि म्हणाले, "नावाची पट्टी सुवर्णदीप कंपनीची आहे, पण संच त्यांचा नाही. ती कंपनी फक्त रेडिओ करायची."

म्हटलं, "पावणं, माझ्या बापानं चाळीस वर्षं रेडिओ-टीव्हीचं दुकान चालवलंय. त्यास्नी कंपनी कळत न्हवती व्हय?"

नुसते हसले. त्या हसण्यानंच डोकं फिरलं.

४ फेब्रुवारी

राग जात नाही.

६ फेब्रुवारी

स्वतःच झाकण उघडलं. आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह चौदा — आणि चार वेगवेगळ्या कंपन्यांचे! दुरुस्तीत बदलले असतील, त्यात काय? पण आतल्या पत्र्यावर कारखान्याचा नंबर कुठंच नाही. भोकंही हातानं पाडलेली.

दीक्षितांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसा चौऱ्याऐंशी सालचा असेल, तर ट्रान्झिस्टरच्या त्या काळात व्हॉल्व्हचा नवा टीव्ही कोण काढणार, साहेब? मोडक्या संचांचे भाग घेऊन कुणीतरी जोडलाय. पण काय सुरेख सोल्डरिंग —"

"म्हणजे माझा बाप लबाड?" पुढचं ऐकलंच नाही. फोन कट!

७ फेब्रुवारी

क्रांती म्हणते, "सोडा की आता! मेलेल्या माणसाची अब्रू काय टीव्हीत असती व्हय?"

बायकोला काय सांगू? अख्खी गल्ली यायची बघायला. मी दहावीत होतो. आबा दारात उभं राहून सांगायचे — "कंपनीचा माल हाय!" खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

९ फेब्रुवारी

आज आईपुढं सगळं ओकलो. ती शेंगा फोडत होती. एक्याऐंशी वर्षांची, पण कान तिखट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर बोलला की त्यो माणूस. मीच जोडलाय त्यो."

"तू? कधी?"

"तुम्ही शाळंला गेलासा की मी दुकानाच्या माळ्यावर बसायचो. समदी दुरुस्ती माझीच. तुझ्या आबास्नी बारीक तार दिसायची न्हाय. बेळगावात माझ्या बापानं शिकीवलं हुतं मला."

"आणि ती पट्टी?"

"बाईनं केलाय म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबलं असतं व्हय? त्यांनीच जुन्या रेडिओवरची काढून लावली. मी गप बसलो."

आई स्वतःबद्दल 'बसलो'च म्हणते, आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं, पहिल्यापासून.

"मला का नाही सांगितलंस?"

"इचारलंस कवा?"

१० फेब्रुवारी

राग आहेच. फक्त आता कुणावर, ते कळत नाही. आयुष्यभर तिच्यावर मीच खेकसत आलो — "आई, टीव्हीला हात लावू नको! शॉक बसंल!"