लिंबोणीखालच्या भांडणाची वाटणी

मी, एर्मेलिंदा बासुआल्दो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, नगरपालिकेची निवृत्त दफ्तरदार, राहणार सांता ब्रीहिदा, चौकामागची गल्ली, पिवळे दार, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो पण सही ओळखू येते, आणि पुढचे सारे मी कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर बऱ्याच जणांची नाराजी पत्करून ठरवले आहे. मी सांगते आहे आणि नोटरी कापुर्रो लिहून घेत आहेत. त्यांनी मधे मधे घेतलेल्या हरकतीही मी कागदावर घ्यायला लावल्या आहेत. सत्तावीस वर्षे कोर्टात काढल्यावर हरकतीवाचून कागद मला अळणी लागतो. याआधीची माझी चार मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी रागाच्या भरात केलेली होती. हे पाचवे शांतपणे करते आहे, त्यामुळे ज्यांना भीती वाटायची त्यांनी आता वाटून घ्यावी.

कलम १. राहते घर, स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांसह, माझी भाची सेल्मिरा हिला द्यावे. ती रोसारिओ शहरात दातांच्या डॉक्टरांकडे काम करते आणि माझ्या बहिणीमागे मला उरलेले एवढे एकच माणूस आहे. स्वयंपाकघराचा निळा रंग तिला कधीच आवडला नाही. तिने तो खुशाल बदलावा, मात्र आधी निदान एक वर्ष त्यात राहून पाहावे.

कलम २. टाइपरायटर, उंच शिडी, डांबराची बादली, छपरावर चढायचे दोर आणि कबुतरांची घाण खरवडायची दोन्ही उलथनी शेजारी किन्तेरोस यांचा पुतण्या तादेओ याला द्यावीत. तो वायरमन आहे आणि उंचीला घाबरत नाही. टाइपरायटर त्याला येत नाही. त्याने शिकून घ्यावा, कारण अर्ज हाताने लिहिले की कोर्ट ते गांभीर्याने घेत नाही.

कलम ३. नगराध्यक्ष उगार्ते यांस. मला मधुमेह आहे हे गावात सर्वांना माहीत असताना हे गृहस्थ गेली सहा वर्षे दर महिन्याला माझ्याकडे आटीव दुधाचे गोड भरलेल्या अल्फाहोर बिस्किटांचे खोके पाठवतात आणि माणसाकरवी विचारतात, "बाईंची तब्येत कशी आहे?" खोकी मी शाळेत वाटली. रक्तातल्या साखरेचे माझे सगळे रिपोर्ट मी तारीखवार लावून फाइल केली आहे. ती फाइल त्यांना द्यावी, म्हणजे त्या खोक्यांनी काय काय साधले नाही हे त्यांना सवडीने वाचता येईल.

(नोटरी: "बाई, हे मृत्युपत्रात शोभत नाही." मी: "शोभेसाठी मरत नाहीये मी. लिहा.")

कलम ४. माझी खरी मिळकत म्हणजे माझा खटला. दिवाणी दावा क्रमांक ८८, सन १९९५, बासुआल्दो विरुद्ध किन्तेरोस. विषय: माझ्या आणि शेजारच्या अंगणामधली दोन वीत रुंद, अकरा पावले लांब जमिनीची पट्टी, तिच्यावरच्या लिंबोणीसह. ती पट्टी आणि तो दावा मी सेल्मिराला देते. तो का जपायचा हे तिला नीट कळावे म्हणून मुळापासून सांगते.

माझे शेजारी ओलेगारिओ किन्तेरोस हे आमच्या बंद पडलेल्या स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. कोंबड्यांसाठी जाळी ठोकताना त्यांनी ती दोन वीत माझ्या हद्दीत ठोकली. मी तिरीमिरीत दावा लावला. दोन दिवसांनी संध्याकाळी हे गृहस्थ एका हातात टोपी आणि दुसऱ्यात अंड्यांची टोपली घेऊन माफी मागायला माझ्या दारात उभे. नेमके त्याच सकाळी तेव्हाचे नगराध्यक्ष, म्हणजे थोरले उगार्ते, यांनी जाहीर केले होते की नगरपालिका हमरस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत जाणार आणि चौकातले जुने नगरभवन पाडून तिथे सुपरमार्केट व गाड्यांचा तळ होणार. मला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा उगार्तेंची होती.

ज्या दालनात माझ्या आईबापांचे लग्न नोंदले गेले, माझा जन्म नोंदला गेला, जिथे मी बत्तीस वर्षे गावाचे जन्ममृत्यू सुवाच्य अक्षरात लिहिले, ते पाडून तिथे ढकलगाड्या लावणार होते. त्याच दुपारी दफ्तर बांधता बांधता मी गावची १९१२ सालची सनद उघडली. बत्तीस वर्षे तिच्यावरची धूळ झटकत आले होते, वाचली त्या दिवशी. कलम एकेचाळीस म्हणते की नगरभवनातल्या कोर्टात एक जरी दावा चालू असेल तरी ती वास्तू विकता किंवा पाडता येणार नाही. बाकीचे सगळे दावे मिटलेले होते. उरला होता आमचा.

म्हणून दारात उभ्या माणसाला मी म्हटले, "टोपी घाला डोक्यावर. खबरदार माफी मागाल तर."

"अहो, पण चूक माझीच आहे."

"मग त्या चुकीला चिकटून राहा."

"किती दिवस?"

"इमारत उभी आहे तोवर."

त्यांचे स्टेशन त्यांच्या डोळ्यांदेखत लोकांनी उचलून नेले होते, आधी घंटा, मग कौले, मग फलाटाच्या फरश्या. त्यामुळे जास्त समजवावे लागले नाही. ते म्हणाले, "अंडी तरी ठेवून घ्या. जाताना शिव्या देत जातो." आणि दिल्या, समोरच्या औषधवाल्याला ऐकू जातील इतक्या मोठ्याने.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सुनावणी. चौकातले सिनेमाघर टायरचे गोदाम झाले, बेकरी गेली, बँक गेली, पण पहिल्या मंगळवारी नगरभवनाची बाके भरतात. आम्ही निराश करत नाही. एकदा ते म्हणाले, "न्यायाधीश महाराज, ही बाई म्हणजे शेजार नव्हे, शिक्षा आहे." मी म्हटले, "आणि हा माणूस कुंपणाला आलेलं गळू आहे, दाबलं की आणखी दोन वीत पसरतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीश पाच झाले. पाचव्या बाईंना सगळे कळले आहे असा मला दाट संशय आहे, कारण त्या खाली मान घालून लिहितात आणि त्यांचे खांदे हलत असतात.

आता या दाव्याने काय काय केले ते सेल्मिराने पाठ करावे. छप्पर गळू लागले तेव्हा मी अर्ज दिला की दाव्याची कागदपत्रे भिजत आहेत. कोर्टाने नगरपालिकेला हुकूम केला आणि कौले बदलली. जिना हलायला लागला तेव्हा किन्तेरोस यांनी अर्ज दिला की त्यांचा साक्षीदार संधिवाताचा आहे; कठडा बसला. संडास दुरुस्त झाला तो माझ्या बहिणीच्या साक्षीमुळे, जी सहा तास चालली आणि तिने मुद्दाम चालवली. बाल्कनीचे लोखंड रंगवून घेतले, कारण पट्टीची मोजणी तिथूनच नीट दिसते असे आम्ही दोघांनी शपथेवर सांगितले. दुसऱ्या कुठल्याही मुद्द्यावर आमचे कोर्टात एकमत झालेले नाही.

याची किंमत अशी की रस्त्यात आम्ही एकमेकांना ओळख दाखवायची नाही. चर्चमध्ये दोन टोकांना बसायचे. बोलायचे ते मागच्या अंगणात, लिंबोणीआडून, एकाच भांड्यातला माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, आळीपाळीने पीत.

अटी. सेल्मिराने दर पहिल्या मंगळवारी हजर राहावे. तडजोड करू नये. आणि प्रतिवादीकडच्या कोणाशी, विशेषतः ज्याच्या नावावर किन्तेरोस आपली बाजू करणार आहेत त्या तादेओशी, लग्न करू नये. नवराबायकोत दावा चालत नाही. लग्न लागले की तो आपोआप निकाली निघतो, आणि दुसऱ्या दिवशी उगार्ते यंत्रे घेऊन हजर.

कलम ५. बँकेत जे काही असेल त्यातून नगरभवनाच्या मोठ्या दालनाच्या खिडक्यांना काचा बसवाव्यात. साध्या बसवाव्यात. रंगीत काचा पाहून लोकांना प्रार्थना करावीशी वाटते, आणि तिथे भांडायचे आहे.

कलम ६. माझे प्रेत दर्शनासाठी नगरभवनात ठेवू नये. मला गप्प पडलेली पाहण्याचा आनंद नगराध्यक्षांना मिळता कामा नये.

कलम ७. कलम चारमधली देणगी आणि तिन्ही अटी मी रद्द करते.

(नोटरी: "गेल्या बुधवारी तुम्हीच तर सांगितल्यात, आज मी वाचूनही दाखवल्या." मी: "मोठ्याने सांगितल्यावर ऐकू आल्या मला.")

कारण असे. गेल्या गुरुवारी सेल्मिरा दावा समजून घ्यायला आली होती. तादेओ दालनातले दिवे बदलत होता. मी फाइल घेऊन पोचले तेव्हा दोघे प्रतिवादीच्या बाकावर बसून एकाच कागदातल्या खिम्याच्या करंज्या, एम्पानादा, खात होते आणि ती अशी हसत होती की मी दाराशीच थांबले. घरी परतताना तिने विचारले, "मावशी, दावा माझ्या नावावर झाला की तादेओशी बोलायचं नाही?"

"चारचौघात नाही."

"आणि लग्न?"

"ते तर नाहीच."

तिने चाल मंद केली. मग म्हणाली, "तुला कधी वाईट नाही वाटलं?"

मी तिला सांगितले की माझ्या गुडघ्याला थंडी बाधते आणि जरा भरभर चाल. तिला उत्तर दिले नाही ते इथे देते. वाटले. दर संध्याकाळी भांडे धुवून ठेवताना वाटले. इमारत वाचली याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही, पण एका दगडविटांच्या घरासाठी एका माणसाला सत्तावीस वर्षे लिंबोणीच्या पलीकडे उभे केले, ते मी दुसऱ्यांदा कोणाच्या पोरीकडून करवून घेणार नाही. त्यापेक्षा उगार्तेंनी इमारत पाडलेली परवडेल.

अर्थात, ती त्यांनी पाडावी असा माझा मुळीच विचार नाही. म्हणून पुढचे.

कलम ८. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहत नाही. आज सकाळीच वेगळ्या दानपत्राने मी ती पट्टी, लिंबोणीसह आणि चालू दाव्यासह, सांता ब्रीहिदाच्या मतदारयादीतल्या सर्व माणसांना समसमान हिश्श्याने देऊन टाकली आहे आणि कोर्टाने ते दानपत्र दाखल करून घेतले आहे. यादीत अकराशे चाळीस नावे आहेत. त्यातून माझे वगळले आहे, तसेच किन्तेरोस आणि तादेओ ही प्रतिवादीकडची दोघे. सेल्मिराचे नाव रोसारिओच्या यादीत असल्याने ती मोकळी आहे. उगार्तेंचे नाव आहे, तेव्हा ते आता स्वतःच वादी झाले आहेत.

(नोटरी: "एकेकाच्या वाट्याला तळहाताएवढीसुद्धा जमीन येत नाही." मी: "कोर्टात हजर राहायला तेवढी पुरते." नोटरी: "आणि सगळ्यांनी मिळून तडजोड केली तर?" मी: "कापुर्रो, जत्रेत बँड कुठून निघावा यावर या गावाचं एकोणीस वर्षं एकमत झालेलं नाही." नोटरी: "पण हे मृत्युपत्र वाचलं गेलं की दावा लटका होता हे उघड होईल." मी: "तोवर तो खरा झालेला असेल. आज दुपारी औषधवाला विचारत होता, लिंबं कोणी तोडायची ते कोण ठरवणार म्हणून. त्याचा आवाज चढला होता.")

कलम ९. ओलेगारिओ किन्तेरोस यांस. त्यांना मी काही वस्तू ठेवलेली नाही, उत्तर ठेवले आहे.

आमच्या कोर्टात डिसेंबरच्या सुनावणीला दोन्ही बाजूंनी एकमेकांना लेखी प्रश्न घालायचे असतात आणि समोरच्याने त्यांची उत्तरे शपथेवर द्यायची असतात. किन्तेरोस यांचे प्रश्न पट्टीबद्दल, जाळीबद्दल, कोंबड्यांबद्दल असतात. शेवटचा प्रश्न दरवर्षी एकच असतो: वादी प्रतिवादीशी लग्न करण्यास तयार आहे काय? पहिल्या वर्षी बाकांवर हशा पिकला. पुढे लोक त्याला त्यांचा खवचटपणा समजू लागले. मी दरवर्षी लिहून दिले, "प्रश्न दाव्याशी संबंधित नाही," आणि घरी जाऊन दार लावून घेतले. उत्तर मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. ते दिले असते तर दावा संपला असता.

आज सकाळपासून मी वादी नाही. माझे त्यांच्याशी कसलेही भांडण उरलेले नाही, आणि ही स्थिती मला इतकी अनोळखी आहे की दुपारपासून काही सुचलेले नाही. किन्तेरोस यांना मी आज इथे साक्षीदार म्हणून बोलावले आहे, कारण साक्षीदाराने मधे न बोलता सगळे ऐकून घ्यायचे असते. त्यांनी ते केले आहे. टोपी हातात धरून माझ्यासमोर बसले आहेत. कलम सातपासून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले आहे.

(नोटरी: "बाई, हे नक्की कागदावर घ्यायचं?" मी: "हेच तर घ्यायचं आहे.")

उत्तर: हो, तयार आहे.

वाचून दाखवले, बरोबर आहे असे सांगून खाली सही केली.

एर्मेलिंदा बासुआल्दो

साक्षीदार १. रामोना इतुर्बे, औषधवाल्यांची पत्नी. (सही)

साक्षीदार २. ~~ओलेगारिओ किन्तेरोस~~. लाभार्थीचा होणारा नवरा वा मृत्युपत्र करणारीचा होणारा नवरा साक्षीदार राहू शकत नाही, असे नोटरींनी दाखवून दिल्यावरून हे नाव खोडले. खोडण्यास संबंधिताची हरकत नाही. सत्तावीस वर्षांतली ही पहिलीच वेळ, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार २ (बदली). एलादिओ सोसा, नगरभवनाचा पहारेकरी. लिहिता येत नाही म्हणाला, पण येते. डोळे पुसत होता. (सही)

स्थळ: जुने नगरभवन, मोठे दालन, सांता ब्रीहिदा.
मंगळवार, ६ डिसेंबर २०२२.