अण्णांची साखर

अण्णा, तुमची लघवी तापवायचं काम माझ्याकडे होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे लिहिताना हात थांबायला नको, पण थांबला. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, शास्त्रात मार्क बरे पडायचे, म्हणून कल्याणच्या डॉक्टरांनी दिलेली निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा तुम्ही माझ्या हवाली केलात. डोंबिवलीत डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथे गेलं की गावभर होतं, आणि ताई लग्नाची होती. बापाला मधुमेह आहे हे एकदा कळलं की स्थळं यायची बंद होतील, हे तुम्ही दार लावून आईला सांगितलं होतंत. गॅलरीत नळी तापवली असती तर शेजारच्या काकूंना दिसलं असतं. घरातली सगळ्यात आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर. लोणच्याच्या बरणीला कुणाला हात लावू न देणारी माझी आई रोज सकाळी देवांपुढे पडदा ओढायची, पिठाचा डबा बाहेर नेऊन ठेवायची आणि मला म्हणायची, "आटप गं लवकर. मला भात टाकायचाय."

मी आटपायची. नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि ती दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. उकळी फुटली की नळीतलं उडतं, बोटांवर येतं. तो उग्र, गोडसर वास नाकात बसतो आणि दुपारी वरणालाही तोच येतो. मोरीत मुंग्यांची रांग लागलेली असते. ती कशासाठी हे आम्हा तिघींना माहीत असतं. आई फक्त तांब्याभर पाणी ओतते.

तुम्ही मात्र स्वतःला फार कडक समजत होतात. चहात साखरेऐवजी सॅकरीनची गोळी. तुमचा चहा वेगळा दिसला तर पाहुणे विचारतील, म्हणून घरातल्या सगळ्यांच्याच चहात गोळी. पहिल्या घोटाला भलतंच गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी गंज चाटल्यासारखं. त्या गोळ्यांचं तुम्ही पुण्य साठवत होतात. एकादशी केलेला माणूस द्वादशीला पानावर बसून दुप्पट जेवतो, तसं. "आज सकाळपासून गोळीच घेतलीय, एक लेमन चालतं," असं म्हणायचात. लेमन, उसाचा रस, सरबत हे तुमच्या लेखी खाणं नव्हतंच. "अगं, पाणीच ते. घामावाटे निघून जातं." ठाण्याच्या कोर्टात कारकुनी करणारा, लोकांच्या अर्जातली खोट एका नजरेत ओळखणारा माणूस हे बोलत होता.

मग मे महिन्यात आपण ताईला दाखवायला ठाण्याला गेलो. तुम्ही त्यासाठी नव्या चपला घेतल्या होत्यात. मुलाच्या आईनं काचेच्या पेल्यांतून गुलाबाचं सरबत आणलं. तुम्ही एक पेला संपवलात आणि दुसऱ्याला नको म्हणालात, तेवढ्यात मुलाचा मामा म्हणाला, "घ्या हो, लाजता काय? सरबत नको म्हणणारा माणूस एक तर कंजूष असतो, नाही तर मधुमेहवाला!"

सगळे हसले. तुम्ही सर्वांत मोठ्यानं हसलात. "आमच्यात दोन्ही नाही हो मामा," म्हणत दुसरा पेला तोंडाला लावलात. तिसरा मागून घेतलात. अण्णा, मागून! तळाशी न विरघळलेली साखर राहिली होती, ती तुम्ही बोट घालून चाटलीत. मिशीवर गुलाबी ओशट रेघ होती. मुलाची आई कौतुकानं बघत होती. मला शिसारी आली.

परत येताना फलाटावर आई म्हणाली, "तीन पेले, अहो. तीन!"

"जमलं की नाही?"

"जमलं."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी नळी विटांच्या चिखलासारखी झाली. आईनं ती बघितली आणि माझ्यासमोरच तुम्हाला सांगितलं, "पुन्हा हा रंग आला तर तुम्ही सुई घ्यायची. रोज दवाखान्यात जायचं. कुणाला कळायचं ते कळू दे, लग्न मोडलं तर मोडलं." तुम्ही पेपर वाचत राहिलात. ताई आत जाऊन बसली.

त्यानंतर रोज सकाळी आई विचारायची, कुठला रंग? मी सांगायची, हिरवा. नळी मी तापवतच नव्हते. दिवा पेटवायची, थोडा वेळ पाठमोरी बसायची आणि तुम्ही दिलेलं मोरीत ओतायची. पूर्ण महिना. तुम्हाला कळलं होतं. एका सकाळी तुम्ही निळी बाटली उजेडात धरलीत, औषध उतरलेलं नाही हे पाहिलंत, बूच घट्ट केलंत आणि बाटली जागेवर ठेवलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. ठाण्याची माणसं येत-जात राहिली, सरबतं होत राहिली. नव्या चपलेनं अंगठ्याला आलेला फोड लग्नात काळसर झाला होता. तुम्ही मोजा घालून मांडवात उभे राहिलात आणि विचारणाऱ्याला "ठेच लागली" सांगत होतात. अंगठा गेला, मग पाऊल गेलं, आणि गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. दवाखान्यातला तो पायाचा वास मी इथे लिहिणार नाही.

पुढे वर्तमानपत्रात मी कितीतरी वर्षं आरोग्याचं सदर लिहिलं. थंड पेयांतल्या साखरेवर लिहिलं, गोळीचं गोड म्हणजे बाकी सगळ्याची मुभा नव्हे असंही लिहिलं. मजकूर नेहमी वेळेवर दिला. हे मात्र कधी लिहिलं नाही.

आईला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. ताईला सांगितलं, तुमच्या वर्षश्राद्धाला. ती खूप रडली, मग माझे हात धरून म्हणाली, "माझ्या संसारासाठी तू एवढं मनावर ओझं घेतलंस गं!" अजून म्हणते. तिच्या सुनांनाही सांगते. मी मान डोलावते. खरं असं आहे, अण्णा, की त्या महिन्यात मला ताईच्या लग्नाची आठवणही नसायची. मला ती नळी हातात धरवत नव्हती. तुमच्या मिशीवरची ती रेघ पाहिल्यापासून तुमचं काहीच हातात धरवत नव्हतं. एवढंच होतं ते.

ताई उद्या चार दिवस राहायला येतेय. तिला कपाटं उघडायची सवय आहे, म्हणून हा कागद आजच फाडते. तिनं मला चांगली म्हणावं, हे मला अजून हवंय.